पत्र्यावरील धोंडे आणि मृगापूर्वीची निगा

२०२४ सालच्या मार्च महिन्याच्या २१ तारखेस सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, परभणी व नांदेड या तिन्ही जिल्ह्यांतील लोक भूकंपाच्या धक्क्याने घराबाहेर धावले. केंद्र कळमनुरी तालुक्याच्या बाजूस होते व मोठ्या धक्क्याची तीव्रता ४.५ नोंदली गेली. पुढे त्याच वर्षी १० जुलैस तेवढ्याच तीव्रतेचा धक्का पुन्हा बसला. मार्चमधील धक्क्यानंतर लागलीच प्रशासनाने लोकांस एक साधी सूचना केली होती. ज्यांच्या घरांवर टिनाचे पत्रे आहेत व पत्र्यांवर आधारासाठी दगड ठेवलेले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत, अशी ती सूचना होती. सूचना अगदी रास्त होती. परंतु आज कोणत्याही गावात उभे राहून चहूकडे नजर टाकली, तर ते धोंडे जेथल्या तेथेच दिसतात. त्यांच्या जोडीस जुने टायर, मोडकी जाती व फुटके खांब हेही आहेत.

आमचे गाव सेलू तालुक्यात, दुधनेच्या काठी. सूचना आली त्या दिवशी मी आमच्या शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्यांस म्हणालो, "आबा, पत्र्यावरचे धोंडे उतरवा. खाली नातवंडे निजतात." त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "भाऊसाहेब, भूकंप यायचा तेव्हा येईल. वारा तर दरसाल येतो. धोंडा काढला की पत्रा गेला." या उत्तरावर मला त्या वेळी काही बोलता आले नाही. मी महसूल खात्यात कारकून म्हणून नोकरी करून नियत वयोमानाने निवृत्त झालेला मनुष्य आहे. इमारतीच्या शास्त्राचे शिक्षण मजपाशी नाही. तथापि वादळानंतरचे पंचनामे लिहिण्यात आयुष्याची बरीच वर्षे गेली, आणि स्वतःच्या घराच्या पत्र्याने मला एकदा चांगला धडा दिला. त्या दोहोंच्या आधारे आबांच्या प्रश्नास जे उत्तर सुचले, ते शेतकरी बंधूंपुढे ठेवीत आहे.

प्रथम थोडे मागे जावयास हवे. आपल्या मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची होती. भिंती दगडमातीच्या, वर लाकडी तुळया व फळ्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. असे घर उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार असे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत याच जड छपरांखाली व याच भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गेली. त्या हादऱ्याची भीती आपल्या गावांतही शिरली. ज्यांस शक्य झाले त्यांनी माळवद उतरवून पत्रे घातले. आमच्या वडिलांनीही दुसऱ्या वर्षी घराच्या मागील दोन खणांचे माळवद काढून तेथे पत्रा टाकला. जड छप्पर जाऊन हलके आले, हे योग्यच झाले. आता त्याच हलक्या छपरावर आपण होऊन मण-मण दगड चढवीत आहोत. म्हणजे ज्या भयाने माळवद उतरवले, तेच भय पुन्हा डोक्यावर आणून ठेवीत आहोत.

माळवदाबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिचा विचार फारसा कोणी केलेला नाही. माळवदाची दरवर्षी सेवा करावी लागे. मृग निघण्यापूर्वी वर चढून गवत उपटणे, उंदरांची बिळे बुजवणे, पांढरी माती आणून अंथरणे व चोपणे, पाणी जाण्याच्या पन्हळी मोकळ्या करणे, ही कामे पेरणीच्या तयारीइतकीच नियमित होती. ज्याने ती केली नाही त्याचे घर गळे, आणि दोष माळवदास न देता लोक त्याच्या आळसास देत. पत्रा आला तेव्हा आपण अशी समजूत करून घेतली की, ही सेवा आता कायमची संपली. एकदा खिळे ठोकले की वीस वर्षे वर पाहावयास नको! छप्पर बदलले त्याबरोबर निगाही बदलावयास हवी होती. आपण ती मुळातच सोडून दिली. पत्र्यावरील धोंडा व पत्र्यावरील डांबर ही या सोडलेल्या निगेचीच दोन रूपे आहेत, असे माझे मत आहे.

आता धोंड्याचा हिशेब करून पाहू. अर्धा मिलिमीटर जाडीच्या नालीदार पत्र्याचे वजन चौरस मीटरला साडेचार किलोच्या आसपास भरते. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा छपरावरून जाताना जो दाब किंवा ओढ निर्माण करू शकतो, तो चौरस मीटरला सुमारे १७ किलो वजनाएवढा असतो. ताशी १०० किलोमीटर वेगास तोच ४७ किलोच्या घरात जातो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो, हा येथील नियम आहे. वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद छप्पर म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. त्यावर ६० च्या वाऱ्याने पावणेपाचशे किलोची व १०० च्या वाऱ्याने तेराशे किलोची उचल होऊ शकते. पुढची बाजू उघडी असलेल्या गोठ्यात वारा आत शिरून खालूनही रेटतो, तेथे ही उचल आणखी वाढते. आता छपरावर दहा-दहा किलोचे तीस धोंडे ठेवले तरी ते तीनशे किलोच झाले. म्हणजे साध्या वाऱ्यात, जेव्हा पत्रा जाणारच नसतो, तेव्हा धोंडा उगाच बसून राहतो. आणि खऱ्या वादळात तो पत्र्याबरोबर उडून शेजाऱ्याच्या अंगणात किंवा आपल्याच माणसाच्या अंगावर पडतो.

पंचनाम्यासाठी गेलो असता उडालेले पत्रे मी पुष्कळ पाहिले आहेत. पत्रा मधोमध फाटून गेला असे क्वचितच दिसे. बहुधा दोनच प्रकार आढळत. एक तर खिळ्याचे भोक गंजून एवढे मोठे झालेले असे की, खिळा वाशास तसाच राही व पत्रा त्याच्या डोक्यावरून निघून जाई. दुसरा प्रकार असा की, पत्रा वाशास घट्ट असे, पण वासे भिंतीवर नुसते टेकवलेले असल्याने वाशांसह सारे छप्पर उचलले जाई. दोन्ही प्रकारांत सुरुवात कडेपासून, म्हणजे वळचणीच्या किंवा टोकाच्या पत्र्यापासून झालेली असे; कारण वाऱ्याची ओढ कडेस व कोपऱ्यांत सर्वांत अधिक असते. या दोन्ही दोषांवर धोंडा हा उपाय नव्हे. पत्रा वाशास, वासा भिंतीस व भिंत जमिनीस बांधलेली असणे, हाच उपाय होय.

आबांस आता मी असे सांगेन की, धोंडा टाकून देऊ नका, त्याची जागा बदला. ज्यास लोखंडी पट्टी व बोल्ट यांचा खर्च तूर्त झेपत नाही, त्याने घराच्या दोन्ही अंगांस वाशांच्या टोकांखाली दोन-अडीच फूट खोल खड्डे घ्यावेत, प्रत्येकात एक मोठा धोंडा जाड जस्ती तारेने बांधून पुरावा, माती चोपावी आणि तारेचे वरचे टोक वाशास पीळ देऊन आवळावे. जमिनीत पुरलेल्या धोंड्यावर मातीचेही वजन येते. तो डोक्यावर पडत नाही आणि पत्र्यास खड्डा पाडीत नाही. ज्यास खर्च झेपतो त्याने वळचणीवर व टोकांवर ४० मिलिमीटर रुंद व ६ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी टाकून ती बोल्टांनी खालच्या वाशास कसावी. सरकारी इमारतींच्या पत्र्यांवर अशी पट्टी घालण्याचा जुना प्रघात आहे.

धोंडा पत्र्याचे आणखी एक नुकसान करतो, आणि येथून गळतीचा विषय सुरू होतो. दगडाखाली ओल धरून राहते, कचरा साचतो, आणि वाऱ्याने दगड किंचित हलला की पत्र्यावरील जस्त खरवडले जाते. दोन-तीन पावसाळ्यांनी धोंडा उचलून पाहा. बाकीचा पत्रा चांगला व धोंड्याखाली तेवढा तांबडा झालेला दिसेल.

याचे कारण समजून घेणे शेतकऱ्यास कठीण नाही. बोर्डो मिश्रणासाठी मोरचुदाचे पाणी आपण लोखंडी भांड्यात करीत नाही. त्या पाण्यात विळा बुडवला तर पात्यावर तांब्याचा रंग चढतो. कारण लोखंड पाण्यात जाते व त्याच्या जागी तांबे येऊन बसते. दोन धातू व ओल एकत्र आली की त्यांतील एक झिजतो व दुसरा राखला जातो. जस्त व लोखंड यांच्या जोडीत झिजणारा धातू जस्त असतो. पत्र्यावर जस्ताचा मुलामा देण्याचे मर्म हेच आहे. बारीक ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त स्वतः झिजून उघड्या लोखंडाचे रक्षण करते. फ्रान्समधील सोरेल याने १८३७ साली लोखंडावर जस्त चढवण्याच्या या रीतीचे पेटंट घेतले. नालीदार पत्र्याची कल्पना त्याहून थोडी जुनी असून लंडन येथील पामर याने तिचे पेटंट १८२९ साली घेतले होते. पण जस्ताची ही शिल्लक मर्यादित असते. बाजारातील हलक्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असते, उत्तम पत्र्यावर २७५ ग्रॅम. म्हणजे एका बाजूस जाडी अनुक्रमे ८ व १९ मायक्रॉन. आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्या पातळ ठेवीवर सारे छप्पर उभे आहे. ठेव संपली की मुद्दल, म्हणजे लोखंड, जाऊ लागते. आणि गव्हावरील तांबेऱ्याप्रमाणे गंजही एका ठिपक्यावर थांबत नाही.

ही ठेव लवकर संपवणाऱ्या चुका आपल्याच हातून होतात. उन्हासाठी पत्र्यावर कडबा किंवा पऱ्हाट्या टाकतात; पावसात त्या भिजून कुजतात व खाली पत्रा खातात. गोठ्यात मूत्राची निचरणी नसली तर अमोनियाची वाफ खालून जस्तास लागते. युरिया, पोटॅश यांची फुटकी पोती पत्र्याच्या भिंतीस टेकवून ठेवली तर तेथेच पहिले भोक पडते. नवे पत्रे आणून एकावर एक भिजत ठेवले तर छपरावर चढण्यापूर्वीच त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. तो जस्ताचाच गंज होय.

तथापि गळती बहुतेक वेळा पत्र्याच्या अंगातून होत नाही; ती भोकातून किंवा सांध्यातून होते. आपल्याकडे पौषातील पहाटे पारा दहा अंशांखाली उतरतो आणि वैशाखाच्या दुपारी हवाच ४३-४४ अंशांवर जाते. उन्हातील पत्रा तर ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. बारा फुटी पत्रा एवढ्या फरकाने सुमारे अडीच मिलिमीटर लांबतो व पुन्हा आखडतो. उन्हाळ्यात ही ये-जा दररोज चालते. त्यामुळे खिळा सैल होतो, भोक लांबट होते, आणि वायसर कडक होऊन फुटतो. अशा भोकावर सिमेंटचा थापा घातला तर पत्रा हलतो व सिमेंट हलत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात चीर पडते. शिवाय ओले सिमेंट व ओला चुना हे स्वतःच जस्तास झोंबणारे पदार्थ आहेत.

डांबराची गोष्ट मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. २०१५ सालच्या उन्हाळ्यात मी आमच्या मागील दोन खणांवर गडी चढवून सगळ्या खिळ्यांवर व सांध्यांवर डांबर फासून घेतले व वर गोणपाटाचे तुकडे चिकटवले. गंज घासला नाही, जुने खिळे काढले नाहीत, एकही वायसर बदलला नाही. पहिल्या पावसाळ्यात थेंब गळला नाही आणि मी आपल्या चातुर्यावर खूश झालो. २०१७ साली तुरीचे पीक अमाप आले होते व बाजार पडला होता. हमीभाव ५,०५० रुपये असूनही माप होईना, म्हणून पुष्कळांप्रमाणे मीही तूर घरातच ठेवली. पन्नास किलोचे चौदा कट्टे त्याच पत्र्याखाली थप्पी लावून ठेवले. श्रावणात एके दिवशी घरातून हाक आली, "अहो, कोठीत कसला आंबूस वास येतो आहे, बघा तरी." वरचे कट्टे कोरडे होते. मधले चार भिजून बुरसले होते, आणि दाण्यांस मोड आले होते. दोन क्विंटल तूर, म्हणजे हमीभावाने दहा हजार शंभर रुपये, उकिरड्यावर गेली.

पाऊस उघडल्यावर मी वर चढलो. दोन उन्हाळ्यांत डांबर तडकले होते. तडीतून आत गेलेले पाणी बाहेर येण्यास वाट नव्हती, आणि त्या झाकणाखाली गंजाने रुपयाएवढी भोके पाडली होती. डांबर नसते तर गंज मला दिसला असता. डांबराने तो माझ्यापासून लपवला. दुसरे असे कळले की, पाणी जेथे टपकते तेथे भोक असतेच असे नाही. माझे भोक थप्पीच्या चार फूट वरच्या बाजूस होते. पाणी वाशाच्या अंगाने ओघळत येऊन मधल्या कट्ट्यांवर ठिबकत होते. म्हणून गळतीचे मूळ नेहमी टपकण्याच्या जागेपासून उताराच्या वरच्या दिशेस शोधावे. चूक सर्वस्वी माझी होती. मी उपचार न करता झाकण घातले. दफ्तरातील थकबाकी नव्या वहीत ओढल्याने फिटत नाही, हे आयुष्यभर लिहिणाऱ्यास घराच्या बाबतीत मात्र सुचले नाही.

मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास निघते. त्यापूर्वी दोन सकाळी या कामास द्याव्यात. माझ्या मते कामाचा क्रम येणेप्रमाणे असावा.

सर्वांत आधी जिवाची काळजी. छपरावरून किंवा छपरास लागून गेलेली विजेची तार असेल तर मुख्य बटण बंद करावे. सोललेल्या तारेने सारा पत्रा विजेचा होतो. काम सकाळी दहाच्या आत उरकावे. पत्र्यावर थेट पाय न देता वाशांच्या रेषेवर फळी टाकून तिच्यावरून चालावे; गंजलेला पत्रा माणसाच्या वजनाने फाटतो.

नंतर धोंडे, टायर, पाला सर्व उतरवावे व छप्पर झाडून धुवावे. घरातील एकाने खाली अंधारात उभे राहून वर पाहावे. जेथून उजेडाचा ठिपका दिसेल तेथे वरच्याने खडूची खूण करावी.

मग एकेक खिळा पाहावा. खिळा पत्र्याच्या सरीत असेल तर तो काढावा, कारण सरीतूनच पाणी वाहते. खिळ्याची जागा वरंब्यावर. शेतात आपण हे जाणतो, छपरावर विसरतो. जुने खिळे काढून त्यांच्या जागी हुकाचे बोल्ट किंवा रबरी वायसरचे स्क्रू घालावेत, आणि वायसर दाबला जाईल पण चेपून बाहेर येणार नाही इतकेच आवळावे. वळचणीवर एकाआड एक वरंब्यास बोल्ट हवा. सोडून दिलेल्या भोकावर जस्ती पत्र्याचा तुकडा सीलंट लावून रिव्हेटने बसवावा. सीलंट घेताना ज्यास व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो घेऊ नये. त्यातील आम्ल जस्तास खाते. दुकानात न्यूट्रल म्हणून मागितले तर दुसरा प्रकार मिळतो.

सांधा हा पुढचा विषय. खालच्या पत्र्यावर वरचा पत्रा निदान सहा इंच यावा व बाजूचा सांधा दीड ते दोन वरंब्यांचा असावा. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकापासून घालीत पश्चिमेस जावे, म्हणजे सांध्याचे तोंड वाऱ्याकडे राहत नाही. उतार पाच फुटांस एक फूट असावा. दहा फुटांस सहा इंच उतार देऊन पैसे वाचवलेली छपरे वाऱ्याच्या पावसात सांध्यांतून पाणी उलटे घेतात; त्यांस कोणताही लेप फार दिवस पुरत नाही.

शेवटी रंग. जेथे तांबडा गंज आहे तेथे तारेच्या ब्रशाने व कागदाने घासून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत साफ करावे, कोरडे पुसावे आणि त्याच दिवशी गंजरोधक प्रायमर लावावा. वडिलांच्या काळी यासाठी शेंदूर वापरीत. पण शेंदूर म्हणजे शिसे, व ते विष होय. छपराचे पाणी जनावरे पितात, मुले पागोळ्यांखाली खेळतात. घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला तो याचसाठी. नव्या जस्ती पत्र्यावर साधा तेलरंग थेट लावू नये. तेल व जस्त यांच्या संयोगाने साबणासारखा थर बनतो व रंग पापुद्र्यांनी सुटतो. जस्तासाठी निराळा प्रायमर मिळतो, तो आधी लावावा. वरचा रंग पांढरा किंवा चांदीचा असावा. तो ऊन परतवतो, पत्रा कमी तापतो, म्हणून कमी लांबतो, आणि वायसर अधिक टिकतात. काळे डांबर याच्या नेमके उलट करते.

नवा पत्रा घेणाऱ्याने एवढेच पाहावे की, सांगितलेली जाडी रंग व मुलामा धरून आहे की नुसत्या लोखंडाची, आणि मुलामा किती ग्रॅमचा आहे. पावतीवर हे दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

यावर कोणी म्हणेल की, छप्पर गेले तर सरकार मदत देतेच. मी त्या खात्यात होतो म्हणून स्पष्ट सांगतो. २०२२ ते २०२६ या काळासाठी आपत्तीचे जे केंद्रीय निकष ठरले, त्यांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये, कच्च्या घरास ४,००० रुपये व गोठ्यास ३,००० रुपये एवढी मदत धरली होती. तेवढ्यात नवे छप्पर होत नाही. आणि गळक्या पत्र्याखाली भिजलेल्या धान्याचा पंचनामा लिहिल्याचे माझ्या नोकरीत मला तरी आठवत नाही. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की आम्ही अतिवृष्टी अशी नोंद करीत असू. एवढ्या पावसाचे वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद छपरावर अठराशे लिटरांहून अधिक पाणी पडते. २०२४ च्या सप्टेंबरच्या आरंभी आपल्या जिल्ह्यात याहून कितीतरी अधिक पाऊस झाला. अशा दिवशी पत्र्यातील एक भोक काय करील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. सोयाबीन व तूर यांच्या सरकारी खरेदीस ओलाव्याची मर्यादा सामान्यतः १२ टक्क्यांची असते. वर्षभराचे कष्ट एका फुटक्या वायसरामुळे त्या मर्यादेपलीकडे जाऊ देणे शहाणपणाचे नव्हे.

खर्चाची अडचण खरी आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु वायसर, बोल्ट व ब्रश यांचा खर्च मोठा नाही. अडचण असते ती शिडी, ड्रिल यंत्र व जाणत्या हाताची. म्हणून आपल्या संस्थेने या साली निदान मोठ्या गावांत एक चांगली शिडी, एक ड्रिल यंत्र व दोन लांब फळ्या भाड्याने देण्यासाठी ठेवाव्यात, वायसर व बोल्ट घाऊक आणून मूळ दरात द्यावेत, आणि गावातील एका होतकरू तरुणास हे काम शिकवावे, अशी माझी नम्र सूचना आहे. फवारणीचे पंप आपण असे सामाईक वापरतोच. छपरास त्याहून कमी मान का द्यावा?

माझ्या मागील दोन खणांचे जुने पत्रे मी २०१८ साली उतरवले व वर सांगितल्याप्रमाणे नवे घातले. तेव्हापासून दरवर्षी अक्षय्य तृतीयेनंतरची एक सकाळ मी त्यांस देतो; ज्या दिवशी वडील माळवदावर पांढरी माती नेत, साधारण तोच तो दिवस. आबांचे धोंडे अद्याप वर आहेत. पण परवा त्यांनी होऊन विचारले, "भाऊसाहेब, तो खड्डा किती खोल घ्यायचा म्हणालात?" मृगाच्या आत आम्ही दोघे मिळून तेवढे काम करणार आहोत. वाचकांनीही आपल्या शेजारच्या एका घरापुरते एवढे मनावर घ्यावे, अशी विनंती आहे.